पितळेचे आकाश, लोखंडाची जमीन

(जालना जिल्ह्यातील गावोगावच्या उपदेशकांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित)

बंधुभगिनींनो, पावसाने दडी मारली की आपल्या मंडळ्यांमध्ये बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाचा २८ वा अध्याय हमखास उघडला जातो. डोक्यावरचे आकाश पितळेचे होईल, पायाखालची जमीन लोखंडाची होईल, पावसाऐवजी धूळ पडेल, असे २३ आणि २४ ही वचने म्हणतात. मराठवाड्यातल्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. १९७२ चा दुष्काळ घराघरांत अजून सांगितला जातो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले; पहिल्या गाडीत दहा वाघिणी होत्या आणि पाणी पाच लाख लिटर. अशा ठिकाणी हा अध्याय नुसता वाचला, तरी ऐकणारा मनात हिशेब जुळवतो: बोअर आटली ती माझ्या पापामुळे. उपदेशकाने तसे म्हटलेही नसेल, पण गप्प राहून त्याने तो हिशेब जुळू दिलेला असतो.

म्हणून हा अध्याय कसा वाचायचा ते नीट पाहू. पहिला प्रश्न: हे कोण कोणाला सांगतो आहे? मवाबाच्या मैदानात मोशे संपूर्ण इस्राएल राष्ट्राला, परमेश्वराने त्याच्याशी केलेल्या कराराच्या अटी ऐकवतो आहे. ३६ व्या वचनात 'तू आणि तुझा राजा' असे शब्द आहेत. म्हणजे 'तू' हा एकटा शेतकरी नाही. राजासह सगळे राष्ट्र त्या 'तू'मध्ये आहे.

दुसरा प्रश्न: हे लिखाण कोणत्या घडणीचे? पहिली १४ वचने आशीर्वादाची, पुढची ५४ शापाची. प्राचीन पश्चिम आशियात करार असेच लिहीत, शेवटी शापांची लांबलचक यादी जोडून. अश्शूरचा राजा एसर-हद्दोन याने इ. स. पू. ६७२ मध्ये मांडलिकांकडून शपथा घेतल्या. त्या करारांच्या मातीच्या पाट्या १९५५ साली निमरूद येथे सापडल्या. त्यांतही जमीन लोखंडासारखी होवो आणि पितळेच्या आकाशातून पाऊस पडत नाही तसा तुमच्यावर न पडो, असा शाप आहे. अनुवादाने हे तिथूनच घेतले की हा त्या काळचा सर्रास साचा होता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. आपल्यापुरते एवढे स्पष्ट आहे की ही करार मोडू नये म्हणून शपथेला घातलेली जरब आहे. दुष्काळ पडल्यावर गावातला पापी कोण, हे शोधून काढण्यासाठी ती लिहिलेली नाही. उलट्या दिशेने वाचले की चूक इथेच होते. 'करार मोडलास तर दुष्काळ येईल' यावरून 'दुष्काळ आला म्हणजे तू करार मोडलास' असे ठरत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त सुटते: मागचा अध्याय. २७ व्या अध्यायात बारा शाप आहेत आणि प्रत्येकाला सगळे लोक 'आमेन' म्हणतात. ते शाप कोणावर आहेत? शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवणाऱ्यावर, आंधळ्याला वाट चुकवणाऱ्यावर, उपरी, अनाथ आणि विधवा यांचा न्याय बुडवणाऱ्यावर. आपल्याकडच्या बोलीत सांगायचे तर बांध कोरणाऱ्यावर. २७ वगळून २८ वाचला की शापाचे तोंड फिरते आणि ज्याचा बांध कोरला गेला त्याच्याच माथी तो बसतो.

शास्त्रात दुष्काळ ही शिक्षा कुठेच नाही, असे मात्र सांगू नका. ते खरे नाही. १ राजे १७ मध्ये संदेष्टा एलीया इस्राएलाच्या अहाब राजाला दुष्काळाची घोषणा ऐकवतो. पण तो ती राजाला ऐकवतो, आणि त्याच दुष्काळात सारफथच्या परक्या विधवेच्या घरचे पीठ सरू देत नाही तो परमेश्वरच. यिर्मयाचा १४ वा अध्याय तर अवर्षणाविषयीच आहे. गवत नाही म्हणून हरिणी नुकते जन्मलेले पाडस टाकून जाते, असे तिथे लिहिले आहे. संदेष्टा तिथे पाप कबूल करतो, पण 'आमचे' म्हणून. बोट दाखवत नाही.

मग बोट दाखवणाऱ्यांचे काय? त्यांच्यासाठी ईयोबाचे, म्हणजे निर्दोष असून सर्वस्व गमावलेल्या माणसाचे, पुस्तक आहे. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस मुकाट बसतात, तोवर ठीक. बोलू लागतात आणि बिघडते. त्यांतल्या अलीफजाला वाटते, दुःख आहे म्हणजे पाप असणारच. ईयोबाचे पाप सापडत नाही, म्हणून २२ व्या अध्यायात तो ते रचतो: तू विधवांना रिकाम्या हाताने घालवलेस, पोरक्यांचे हात मोडलेस. सिद्धांत वाचवण्यासाठी तो माणसावर खोटा आरोप करतो. शेवटी ४२:७ मध्ये परमेश्वराचा राग भडकतो तो अलीफजावर आणि त्याच्या दोघा मित्रांवर. लूक १३ मध्ये येशूपुढे हाच प्रश्न येतो. शिलोहातला बुरूज पडून अठरा जण मेले, ते बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते काय? येशू स्पष्ट 'नाही' म्हणतो आणि पश्चात्तापाचे बोलणे ऐकणाऱ्यांकडे वळवतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचा विषय निघाला की हे वचन आधी वाचावे.

एवढे करूनही अनुवाद २८:६३ उरते. परमेश्वराला तुमचा नाश करण्यात आनंद वाटेल, असे ते म्हणते. हे वचन पचवता येत नाही आणि पचल्याचे सोंगही करू नये. पण यहेज्केल ३३:११ मध्ये तोच परमेश्वर शपथ घेऊन सांगतो की दुर्जनाच्या मरणात मला आनंद नाही. विलापगीत ३:३३ तर, यरुशलेम जळून गेल्यावर, म्हणते की तो मनापासून कोणाला दुःख देत नाही. जुना करारच जुन्या कराराला उत्तर देतो. दोन्ही वचने शेजारी ठेवून वाचा. एक खोडून दुसरे ठेवू नका.

युद्धाच्या वचनांचा प्रकार वेगळा आहे. १ शमुवेल १५:३ मध्ये इस्राएलाचे शत्रू असलेल्या अमालेकाच्या तान्ह्या मुलांनाही मारण्याची आज्ञा आहे. आठवे वचन सगळे संपले असे म्हणते, आणि ३० व्या अध्यायात तेच अमालेकी दाविदाचे सिकलाग हे गाव जाळतात; त्यांतले चारशे तरुण उंटांवर बसून निसटतात. म्हणजे 'सगळे' हा शब्द युद्धवर्णनातला आहे. मवाबाचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ मध्ये मिळाला. त्यातही इस्राएल कायमचे नष्ट झाले, असा दावा आहे. हे सांगून हिशेबाची अडचण सुटते. आज्ञेची सुटत नाही. १९४८ मध्ये रझाकारांचा जुलूम आणि पोलीस कारवाईनंतरचा सूड, दोन्ही पाहिलेल्या या भागात 'ती त्या काळची रीत होती' एवढ्यावर हात झटकणे मला मान्य नाही. चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी, याने मिसरातल्या ज्येष्ठ पुत्रांच्या मरणाविषयी उघड विचारले होते: बापाच्या पापासाठी लेकरू मरत असेल, तर न्याय कुठे राहिला? आणि बापाच्या पापाचा भार मुलावर नाही, असे सांगणारा यहेज्केल १८ त्याने पुढे केला. संडे स्कूलच्या लहान मुलांना हा भाग शौर्यकथा म्हणून शिकवू नका. मोठ्यांबरोबर वाचा, आणि प्रश्न उरला तर उरू द्या.

आता कामाचे. शेतकऱ्याने आत्महत्या केलेल्या घरी जाल, तेव्हा अनुवाद २८ तर नाहीच, पण सांत्वनाची वचनेही घाईने काढू नका. स्तोत्र ८८ वाचा, अठराच्या अठरा वचने. ते अंधारात संपते, पुढे आशेची ओळ येत नाही. ती आपल्या पदरची जोडू नका. रोमकरांस पत्र ८:२८, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात हे वचन, त्या दिवशी विधवेसमोर सुटे काढून वाचू नये. पुढे कधी ती स्वतः विचारील, तेव्हा १८ व्या वचनापासून सुरुवात करा. तिथे आधी सृष्टीचे कण्हणे आहे, मग विश्वासणाऱ्यांचे, मग आत्म्याचे. २८ वे वचन त्यानंतर येते.