परवडणारे भाडे म्हणजे नेमके किती?

श्रोतेहो, नमस्कार.

चार घरची धुणीभांडी करणारी एखादी ताई आणि उद्यमनगरातल्या फौंड्रीत रोजंदारीवर जाणारा तिचा नवरा कोल्हापुरात दोन खोल्या शोधायला निघतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, भाडे किती? प्रश्न योग्यच आहे. परंतु त्या एका आकड्यावर घर ठरवले, तर स्वस्त वाटलेली खोली पुढे फार महाग पडते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

२०१९ च्या मार्चमध्ये मी गारगोटीहून शहरात आलो आणि नदीकडच्या एका पेठेत तळमजल्यावरची खोली घेतली. आजूबाजूच्या मानाने भाडे बरेच कमी होते आणि भिंतींना नवा रंग दिलेला होता. विजेचा बोर्ड मात्र हात पुरणार नाही इतक्या उंचीवर बसवलेला होता. घरात लहान मुले असतील म्हणून तसे केले असावे, असे मी समजलो. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेचे पाणी गल्लीत शिरले आणि बोर्ड वर का होता, ते कळले. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्याही वर गेले. गादी, धान्य, मुलीची पुस्तके, सगळे गेले. मालकांनी काही लपवले असे मी म्हणणार नाही, कारण मी विचारलेच नव्हते.

म्हणून सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, शुक्रवार पेठ किंवा जयंती नाल्याच्या काठाने खोली बघत असाल, तर २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी पाणी कुठवर आले होते, हे समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा. त्याला खोली भाड्याने द्यायची नसते, त्यामुळे तो खरे सांगतो. त्या भागात राहूच नये असे माझे म्हणणे नाही. मात्र तळमजल्याऐवजी वरची खोली चार-पाचशे रुपये जास्त देऊनही घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

दुसरा हिशेब जाण्यायेण्याचा. समजा, उद्यमनगराजवळ दोन खोल्यांचे भाडे पाच हजार आहे आणि उपनगरापलीकडच्या गावात साडेतीन हजार. नवरा-बायको दोघांना कामासाठी शहरात यावे लागत असेल आणि माणशी रोज चाळीस रुपये प्रवासाला लागत असतील, तर सव्वीस दिवसांचे दोन हजार ऐंशी रुपये होतात. म्हणजे स्वस्तातले घर महिन्याला पाचशे ऐंशी रुपयांनी महाग पडले. उलट काम शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला असेल, तर त्या बाजूच्या गावातच खोली बघणे शहाणपणाचे.

विजेचे तर नीट विचारूनच घ्यावे. तीन कुटुंबांत एकच मीटर असेल, तर एकत्रित वापर शंभर युनिटांच्या स्वस्त टप्प्याच्या पुढे जातो आणि प्रत्येकाला चढ्या दराचा वाटा भरावा लागतो. स्वतंत्र मीटर असलेली खोली दोनशे रुपयांनी महाग असली तरी बहुधा तीच परवडते. नळाला पाणी किती वाजता आणि किती वेळ येते, हे शेजारच्या बायकांना विचारावे. पहाटे चारला पाणी येत असेल आणि घरातले माणूस रात्रपाळीला असेल, तर ते भरायचे कोणी?

शोध शक्यतो पायी करावा. कमी भाड्याच्या खोल्या एजंटांकडे फारशा येत नाहीत. इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, दूध डेअरी इथे त्यांची खबर आधी लागते.

आता कागदाविषयी. मी दहा हजार अनामत दिली होती आणि पावती घेतली नव्हती. खोली सोडताना निम्मीच रक्कम हाती आली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या करारासाठी मुद्रांक शुल्क त्या मुदतीच्या एकूण भाड्याच्या पाव टक्का, म्हणजे महिना चार हजारांच्या भाड्याला शे-दोनशे रुपयांच्या घरात असते. नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार आणि ग्रामीण भागात पाचशे. हा खर्च दोघांनी निम्मा-निम्मा उचलला तरी अनामतीच्या मानाने किरकोळ आहे.

म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत कोल्हापूर जिल्हाही येतो. परंतु ती घरे विकत घेण्याची असतात. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये मात्र भाड्याच्या परवडणाऱ्या घरांचा स्वतंत्र घटक आहे. ज्यांच्या श्रमावर हे शहर चालते, त्यांच्यासाठी कोल्हापुरात अशी घरे उभी राहावीत, हा आग्रह आपल्या नगरसेवकाकडे धरला पाहिजे.

तोवर खोली ठरली, की सामान आत नेण्याआधी मीटरवरचा आकडा, अनामतीची रक्कम आणि ती परत मिळण्याची मुदत करारात लिहून घ्या, आणि मीटरचा एक फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा.

नमस्कार.