एलडीएच उतरलं म्हणजे गाठ उतरली?

विषय जाहीर झालाय उंदरातल्या कर्करोगाच्या गाठीची वाढ आणि एन्झाइम. गाठीकडे येतोच, पण आधी एन्झाइम, कारण प्रबंधात सगळ्यात देखणा आलेख त्यांचाच असतो. औषध दिलं, उंदराच्या सीरममधलं (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातलं) एलडीएच, म्हणजे पेशी फुटल्या की बाहेर पडणारं लॅक्टेट डिहायड्रोजनेज हे एन्झाइम, उतरलं, औषध गुणकारी. झालं!

१९६० साली व्हर्नन रायली आणि सहकाऱ्यांनी काय दाखवलं ते आठवा. उंदरात गाठीच्या पेशी टोचल्या की गाठ हाताला लागायच्या आधीच एलडीएच चढायचं. कुणालाही वाटेल, लवकर निदानाची खूणच सापडली. पण त्या उंदरांचा पेशीविरहित प्लाझ्मा निरोगी उंदरांना टोचला, तर गाठ नसतानाही एलडीएच चढलं. गाठीबरोबर विषाणू चालला होता! रक्तातलं एलडीएच काढून टाकणाऱ्या मॅक्रोफेज पेशीच तो मारतो, म्हणून आकडा पाच-दहापट चढतो आणि जन्मभर चढलेलाच राहतो. मग तुम्ही डोस कितीही वाढवा. म्हणून पेशी टोचण्याआधी त्यांत हा विषाणू नाही ना, याची पीसीआर तपासणी हवी.

विषाणू तपासतात हो आता. हात कोण तपासतं? तांबड्या पेशींत एलडीएच सीरमच्या शंभरपटीहून जास्त असतं. बारीक सुई, जोरात ओढलेला दट्ट्या, सुई न काढता नळीत मारलेली पिचकारी, की पेशी फुटल्याच. गुलाबी सीरम बघून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्यांनी हात वर करा. (हशा) बरं, राहू द्या. नियंत्रण गटाचं, म्हणजे औषध न दिलेल्या उंदरांचं, रक्त नवख्यानं काढलं आणि औषध गटाचं मुरलेल्यानं, तर साध्या सलाइनलाही कर्करोगविरोधी गुण येतात. एएसटी या दुसऱ्या एन्झाइमचंही तेच, तेही तांबड्या पेशींतून सांडतं; यकृताला इजा झाली का, हे बघायला एएलटी हे एन्झाइम बरं. रक्त अर्धा तास गोठू द्या, लगेच सेंट्रिफ्यूज करा आणि एलडीएच त्याच दिवशी ३४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात वाचा. उंदराच्या सीरममध्ये एलडीएच-५ हा प्रकार जास्त, आणि नेमका तोच थंडीत मरतो. एक गट ताजा आणि एक फ्रीजरमधला, असं केलंत तर फ्रीजरच औषध ठरतो. उलट, खरं औषध पेशी भराभर मारतं तेव्हा एलडीएच सुरुवातीला चढूही शकतं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. गाठ उरकतो.

गाठी १०० ते १५० घन मिलिमीटर झाल्या की सरासरी आकारमान सारखं राहील असे गट पाडा, मगच पहिला डोस. आकारमान म्हणजे लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन. वर्ग रुंदीचा, म्हणून चूकही तिथेच फुगते: १० बाय ८ मिलिमीटरची गाठ ३२० घन मिलिमीटर, रुंदी ९ वाचलीत की ४०५. कॅलिपर, म्हणजे मापाचा चिमटा, दाबू नका, आणि मोजणाऱ्याला गट कळू देऊ नका. औषध गटाच्या गाठींचं सरासरी आकारमान नियंत्रण गटाच्या ४२ टक्के किंवा त्याखाली आलं तर औषधात दम आहे, असा अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा जुना निकष.

उंदराचं वजन मात्र रोज बघा. उंदीर खाईनासा झाला तरी गाठ मंदावते. तेव्हा औषध गट जेवढं खातो तेवढंच खाणं मिळणारा, पण औषध न मिळणारा तिसरा गट ठेवा. नैतिकता समितीच्या अर्जातच त्याचे उंदीर मागून घ्या, मागाहून मिळत नाहीत.