चार मिलिमीटर

(दृश्य: रामबाग, इंदूर. काकांचे हात, अगदी जवळून.)

हे हात बघत राहा. काका उदबत्त्या, वाती, कापूर विकतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. गिऱ्हाइकाने नोट दिली की आधी ती तळहातावर सपाट करतात. मग मधोमध दुमडून बोटांच्या बेचक्यात धरतात. दुमडलेली नोट बोटाच्या कुठल्या पेरापर्यंत पोचते, यावरून किंमत ठरते. पुन्हा बघा. सपाट, दुमड, बेचक्यात. हे मोजमाप त्यांनी जुन्या नोटांवर बसवलं होतं.

(दृश्य: टेबल, पट्टी, नोटा.)

१९९६ च्या मालिकेतली शंभराची नोट १५७ मिलिमीटर, पाचशेची १६७. फरक दहाचा, दुमडली तरी पाच उरायचे. २०१६ नंतरच्या मालिकेत शंभर १४२, दोनशे १४६, पाचशे १५०. चार-चार मिलिमीटर. दुमडल्यावर दोन.

कडेला उठावाच्या रेघा आहेत, शंभरावर चार, पाचशेवर पाच. कोऱ्या नोटेवर त्या हाताला लागतात. काकांच्या गल्ल्यातली ही नोट बघा, किती हातांतून आलीय.

"नवी असली तर सांगतो हो," काका म्हणतात. "मळलेली असली की विचारावं लागतं."

एकदा दोनशे समजून पाचशेची दिली गेली. त्या दिवशीची कमाई गेली.

(दृश्य: नाणी, एकावर एक.)

हा एक रुपया २५ मिलिमीटरचा. हा २०११ चा, २२. हा आत्ताचा, २०. आणि आजचं दोनचं नाणं २३! तिन्ही रुपये अजून याच डब्यात येतात. वीसचं बाराकोनी नाणं मात्र काका हातात पडताक्षणी ओळखतात. बदल असा हवा.

बनावट नोटा रोखायच्या तर नवी नोट काढावीच लागते. शाई बदला, धागा बदला, चित्र बदला, दहा वर्षांनी बदला. स्वित्झर्लंडने १९९५ नंतर थेट २०१६ मध्ये नवी मालिका सुरू केली. तिथे आजही दर नोट तिच्याखालच्या किमतीच्या नोटेपेक्षा सात मिलिमीटरने लांब आहे. बोटाला पुरेल एवढा फरक ठेवूनही नोट नवी करता येते.

(दृश्य: एका संग्राहकाचं घर, मखमली पेटी.)

हा होळकरांचा रुपया, इथल्याच मल्हारनगर टांकसाळीत पाडलेला. मुघल बादशहा शाहआलम १८०६ मध्ये वारला, तरी पुढे कित्येक दशकं रुपया त्याच्याच नावाने पडत राहिला. बाजाराच्या हाताला तोच सवयीचा होता.

संग्राहकाने तो काकांच्या तळहातावर ठेवला. वर सूर्याचा चेहरा आहे, हे आम्ही मुद्दाम सांगितलं नाही.

काकांचा अंगठा फिरतो. थांबतो. मागे येतो.

"हे नाक," ते म्हणतात.