लाल दोऱ्यामागची भूक

(दृश्य: मनगटाला बांधलेला लाल दोरा, अगदी जवळून)

डाव्या मनगटावर लाल लोकरीचा दोरा. सात गाठी. गाठ मारणारा माणूस आपल्यावर जीव लावणारा असावा आणि गाठी मारताना एक जुनी हिब्रू प्रार्थना म्हणावी, अशी रीत. २००४ च्या आसपास हा दोरा पॉप गायिका मॅडोनाच्या हातात दिसायचा, ब्रिटनी स्पिअर्सच्या, डेमी मूरच्या आणि ॲश्टन कुचरच्याही. बेथलेहेमजवळ यहुद्यांची आद्यमाता राहेल हिच्या कबरीभोवती गुंडाळून आणलेला हा दोरा वाईट नजरेपासून राखतो, असं सांगितलं जाई. त्याची किंमत होती २६ डॉलर. नजर, दोरा, गाठ. मराठी माणसाला यातलं काहीही वेगळं समजावून सांगायची गरज नाही.

(दृश्य: लॉस एंजेलिस, रॉबर्टसन बुलेव्हार्ड)

दोरा विकला जात होता कबाला सेंटरमधून. कबाला म्हणजे यहुद्यांची गूढविद्या. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढलेले रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, फिलिप बर्ग आणि त्यांच्या पत्नी कॅरन यांनी ही संस्था जगभर नेली. त्यांचं म्हणणं असं की कबाला हे केवळ यहुद्यांचं नाही, साऱ्या मानवजातीचं ज्ञान आहे. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा पवित्र विसावा, पाळत नसाल, हिब्रू येत नसेल, तरी दार उघडं. सेंटरमध्ये 'जोहार' हा मूळ ग्रंथ समोर धरून त्यातल्या अरमाईक अक्षरांवर उजवीकडून डावीकडे नुसती नजर फिरवायला शिकवतात. अर्थ कळला नाही तरी अक्षरांमधली शक्ती आत उतरते, अशी श्रद्धा.

ज्या परंपरेतून हा ग्रंथ आला, तिथं मात्र घाई नव्हती. जोहार तेराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनमध्ये प्रकट झाला. परंपरा तो दुसऱ्या शतकातल्या रब्बी शिमोन बार योखाय यांचा मानते, तर बहुतेक अभ्यासक त्याचा मोठा भाग मोशे दे लिओन यांच्या हातचा मानतात. १४९२ साली यहुद्यांना स्पेनमधून हाकलून दिलं. पुढच्या शतकात गालीलातल्या सफेद नावाच्या गावी अशा निर्वासितांची वस्ती झाली आणि तिथं रब्बी इसहाक लुरिया यांनी आपली शिकवण मांडली. अनंत देवानं सृष्टीला जागा व्हावी म्हणून स्वतःला आकसून घेतलं. त्याचा प्रकाश पेलताना पात्रं फुटली, ठिणग्या जगभर विखुरल्या. धर्मशास्त्रातल्या आज्ञा पाळून, प्रार्थना करून त्या ठिणग्या उचलून घ्यायच्या, हे माणसाचं काम. घर हरवलेल्या लोकांनी केलेला हा विचार आहे आणि मी तो आदरानं वाचतो. युर्गेन मोल्टमान या जर्मन ख्रिस्ती धर्मवेत्त्यानं सृष्टीबद्दल लिहिताना आकसून घेणाऱ्या देवाची हीच कल्पना मनापासून स्वीकारली होती.

पण त्या ठिणग्या उचलायच्या त्या आज्ञा पाळून. आज्ञा वगळल्या तर काय उरतं?

(दृश्य: चामडी पट्टा आणि छोटी काळी पेटी)

२००२ सालचं मॅडोनाचं एक गाणं आठवून पाहा, जेम्स बॉन्डच्या चित्रपटासाठी केलेलं. त्याच्या चित्रफितीत ती दंडाला तेफिलीनचा, म्हणजे यहुदी प्रार्थनेच्या वेळी बांधतात तो, चामडी पट्टा गुंडाळते आणि मृत्युदंडाच्या खुर्चीतून निसटते. तेफिलीनच्या पेटीत चर्मपत्राचे तुकडे असतात. त्यातल्या एकावर बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं वचन आहे: हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे, त्याच्यावर सगळ्या मनानं, सगळ्या जिवानं प्रीती कर. सर्वांत मोठी आज्ञा कोणती, असं प्रभू येशूला विचारलं तेव्हा त्यानं याच वचनानं उत्तर सुरू केलं. म्हणून तो पट्टा मला परका वाटत नाही. तो बांधणारा यहुदी शब्बाथ आणि सण सोडून दररोज सकाळी स्वतःला देवाशी बांधून घेतो. चित्रफितीत तोच पट्टा सुटकेचं साधन झाला आहे.

यावर सर्वांत आधी आणि सर्वांत कळकळीनं बोलले ते रब्बी, ख्रिस्ती उपदेशक नव्हेत. त्यांच्या काळजीला जुनं कारण आहे. सतराव्या शतकात शब्बताई झ्वी या यहुद्यानं आपणच मसीहा असल्याचं जाहीर केलं, कबालाच्या आधारानं हजारो लोक त्याच्यामागे गेले आणि १६६६ साली सुलतानापुढे उभा राहिल्यावर त्यानं इस्लाम स्वीकारला. त्या जखमेनंतर चाळिशी उलटल्याशिवाय आणि तोरा व तालमूद हे मूळ धर्मग्रंथ पक्के झाल्याशिवाय कबालाकडे वळू नये, हा दंडक अधिक कडक झाला. लाल दोऱ्याचं म्हणाल, तर 'तोसेफ्ता' या प्राचीन रब्बीग्रंथात बोटाला लाल दोरा बांधणं हे परकीयांच्या अंधश्रद्धांमध्ये मोजलं आहे.

आपल्या महाराष्ट्राला यहुदी धर्म माहीत आहे तो अलिबाग-रेवदंड्याच्या बेने इस्राएलांमुळे. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. घरात मंगलकार्य निघालं की एलियाहू हानबी, म्हणजे एलीया संदेष्टा, याच्या नावानं मलिद्याचं ताट सजतं. कोकणात शतकानुशतकं टिकला तो देवाशी असलेला करार आणि त्याला धरून राहिलेले लोक. कबाला सेंटरच्या वर्गात मला हेच दोन्ही सापडत नाहीत.

(दृश्य: जुनं छायाचित्र, मिशिगन)

तरीही मॅडोनाला हसण्याचा हक्क आपल्याला नाही. ती कॅथलिक घरात वाढली. ती पाच वर्षांची असताना, १९६३ साली, तिची आई स्तनांच्या कर्करोगानं गेली, अवघ्या तिशीत. आईचं नावही मॅडोनाच होतं. १९९६ मध्ये स्वतः आई होण्याच्या वेळी ती कबालाच्या वर्गाला जाऊ लागली. २००४ मध्ये तिनं एस्तेर हे हिब्रू नाव घेतलं आणि एका मुलाखतीत सांगितलं की, आई फार लहान वयात गेली, मला दुसऱ्या एखाद्या नावाच्या ऊर्जेशी जोडून घ्यायचं होतं.

हे ऐकून मी थांबलो. आईच्या नावासोबत आईचं मरणही आपल्या वाट्याला आलंय, असं वाटणाऱ्या लेकीची ही मागणी आहे. तिची भूक खरी आहे. पण शास्त्रातली एस्तेर ही ऊर्जा नाही. आपल्या लोकांची कत्तल ठरल्यावर तिनं तीन दिवस उपास केला आणि मेले तर मेले म्हणून राजापुढे गेली. ते नाव घ्यायचं तर त्या लोकांचं दुःखही घ्यावं लागतं.

ख्रिस्ती माणूस म्हणून माझा आक्षेप इथेच आहे. सेंटरच्या शिकवणीत देव बहुधा 'प्रकाश' म्हणून येतो. योग्य साधन वापरलं की तो मिळतो, आयुष्यातला गोंधळ दूर होतो. येशूनं आम्हाला प्रकाशाला जोडून घ्यायला नव्हे, 'हे आमच्या पित्या' म्हणायला शिकवलं. बाप ऐकतो, रागावतो, क्षमा करतो, कधी गप्पही राहतो. गेथशेमाने बागेत येशूनं विनवूनही दुःखाचा प्याला टळला नाही. क्रूसावरच्या त्या गोंधळावर कुठलीच गाठ चालली नाही. जी सुटका आम्ही मानतो ती त्या मरणातून आलेली आहे, त्याला वळसा घालून नव्हे. आणि ती दान आहे. शोमरोनात शिमोन जादूगारानं पवित्र आत्म्याचं सामर्थ्य विकत मागितलं, तेव्हा पेत्रानं तुझा पैसा तुझ्याबरोबरच नष्ट होवो, असं त्याला सुनावलं. हे वचन मी २६ डॉलरच्या दोऱ्याला लावतो आणि प्रार्थना सभेत विकल्या जाणाऱ्या अभिषेकाच्या तेलाच्या बाटलीलाही.

शिवाय कबाला यहुद्यांच्या हातातून काढून घेणारं हॉलिवूड पहिलं नव्हे. आम्ही ख्रिस्ती लोकांनी ते पाचशे वर्षांपूर्वी केलं. १४८६ साली पिको देल्ला मिरांदोला या तेवीस वर्षांच्या इटालियन तरुणानं ९०० सिद्धांत प्रसिद्ध केले. ख्रिस्ताचं देवत्व जादू आणि कबाला यांच्याइतकं दुसऱ्या कुठल्याच विद्येनं सिद्ध होत नाही, असा दावा त्यात होता आणि हीच विद्या त्याला यहुद्यांविरुद्धच्या वादात वापरायची होती. त्याच्यामागून आलेल्या योहान रॉयख्लिननं कबालावर ग्रंथ लिहिला, पण यहुद्यांची पुस्तकं जाळायची टूम निघाली तेव्हा तो ती वाचवायला उभा राहिला. दोघेही आमचेच.

(दृश्य: आविला, स्पेन. दगडी तटबंदी)

रॉयख्लिनच्या हयातीतच, १५१५ साली, स्पेनमध्ये तेरेसाचा जन्म झाला, पुढे आविलाची संत म्हणून ओळखली गेलेली जोगीण. तिचे आजोबा तोलेदोचे, धर्मांतरित यहुदी. लपून यहुदी धर्म पाळल्याबद्दल इन्क्विझिशननं, म्हणजे पाखंड शोधणाऱ्या चर्चच्या न्यायालयानं, १४८५ साली त्यांना प्रायश्चित्ताचा झगा घालून चर्चमागून चर्च फिरवलं होतं. त्यांची नात पुढे आत्म्याच्या सात दालनांच्या किल्ल्याबद्दल लिहिते, अगदी आतल्या दालनात राजा वाट पाहतो आहे असं सांगते. तिनं ते आपल्या मठातल्या बहिणींना समजावं म्हणून साध्या स्पॅनिशमध्ये लिहिलं. कामातून प्रार्थनेला वेळ मिळत नाही म्हणून कष्टी होणाऱ्यांना तिनं सांगितलं की प्रभू स्वयंपाकघरातल्या हंड्याभांड्यांमध्येही वावरतो. १९७० मध्ये पोप सहावे पॉल यांनी तिला चर्चच्या आचार्यपदाचा मान दिला, हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

मौनाची, आतल्या प्रार्थनेची ही शिकवण चर्चच्या घरात चारशे वर्षांहून अधिक काळ आहे. रविवारच्या उपासनेनंतर आपण वर्गणीचा हिशोब वाचतो, सहलीची तारीख सांगतो. प्रार्थना कशी करायची हे शिकवणारा वर्ग मी फार थोड्या चर्चमध्ये पाहिला आहे, आणि तो सुरू करायला कोणाची परवानगी लागत नाही.