हेन्री शेफलिन: हर्लिंगचा दहा पदकांचा मानकरी

डब्लिनचं क्रोक पार्क. ९ सप्टेंबर २०१२. काठी आणि चेंडूनं खेळल्या जाणाऱ्या हर्लिंग या आयरिश खेळाच्या ऑल-आयर्लंड स्पर्धेचा अंतिम सामना, किलकेनी विरुद्ध गॉलवे, म्हणजे आयर्लंडमधल्या दोन काउंटींचे (जिल्ह्यांचे) संघ. सत्तर मिनिटं संपत आलीत, गुण बरोबरीत आहेत आणि किलकेनीला पेनल्टी मिळालीय. चेंडू गोलच्या आडव्या दांडीखालून गेला तर तीन गुण, वरून गेला तर एक. अ‍ॅशच्या लाकडाची, टोकाला पसरट अशी काठी घेऊन उभा आहे हेन्री शेफलिन.

तो चेंडू दांडीवरून मारतो. हमखास मिळणारा एक गुण घेतो.

काही क्षणांतच गॉलवेच्या जो कॅनिंगनं बरोबरी साधली. सामना पुन्हा खेळवावा लागला आणि तो किलकेनीनं जिंकला. पण पहिल्या लढतीतल्या किलकेनीच्या १९ गुणांपैकी १२ एकट्या हेन्रीचे होते, हे विसरून चालणार नाही.

आणि हा माणूस दोनच वर्षांपूर्वी लंगडत मैदानाबाहेर गेला होता.

२००६ ते २००९, किलकेनीनं सलग चार वर्षं विजेतेपद मिळवलं होतं. पाचवं हाताशी आलं होतं. २०१०च्या उपांत्य सामन्यात हेन्रीच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. अंतिम सामन्याला जेमतेम चार आठवडे. तो खेळणार का? नुसता त्याचा सराव बघायला नोलन पार्क या किलकेनीच्या मैदानावर हजारो लोक लोटले. तो खेळायला उतरला, पण पंधरा मिनिटंही टिकू शकला नाही. प्रतिस्पर्धी काउंटी टिपररी जिंकली. २००७च्या अंतिम सामन्यातही, कर्णधार असताना, त्याला गुडघ्याच्या दुखापतीनं अर्ध्यातून बाहेर जावं लागलं होतं.

हे सगळं कशासाठी? पैशासाठी तर नक्कीच नाही. हर्लिंग हौशी खेळ आहे, खेळाडूंना मानधन नसतं. हेन्री बँकेत नोकरी करायचा आणि संध्याकाळी प्रशिक्षक ब्रायन कोडी यांच्या हाताखाली घाम गाळायचा. आम्हाला त्याच्या पदकांइतकंच याचं अप्रूप वाटतं.

२०१२ साली तो तिसऱ्यांदा वर्षातला सर्वोत्तम हर्लर ठरला. २०१४मध्ये टिपररीविरुद्धच्या फेरलढतीत तो राखीव खेळाडू म्हणून उतरला आणि त्याला दहावं ऑल-आयर्लंड पदक मिळालं. मैदानावर खेळून दहा पदकं मिळवणारा तो पहिलाच.

मार्च २०१५मध्ये त्यानं आपल्या गावच्या बॅलीहेल शॅमरॉक्सकडून क्लब अजिंक्यपद जिंकलं आणि त्याच महिन्यात किलकेनीचा निरोप घेतला. पुढे तो त्याच क्लबचा प्रशिक्षक झाला. २०१९ आणि २०२०, सलग दोन वर्षं, क्लब अजिंक्यपद पुन्हा बॅलीहेलला आलं.