सेंट किल्डा: पक्षी पाहावेत ते नौकेतूनच

श्रोतेहो, नमस्कार. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, बाह्य हेब्रिडीज बेटांच्याही पलीकडे सुमारे 65 किलोमीटरवर, अटलांटिक महासागरात सेंट किल्डा हा लहानसा द्वीपसमूह आहे. हेब्रिडीजमधून पहाटे शिडाच्या नौकेने निघावे आणि वाऱ्याने साथ दिली, तर दिवस मावळण्यापूर्वी तिथे पोहोचता येते. साथ नसेल, तर निघूच नये. कारण हिर्टा या मुख्य बेटावरचा व्हिलेज बे हा उपसागर आग्नेयेकडे उघडा आहे आणि त्या दिशेने वारा सुटला की तिथे नांगरून राहणे धोक्याचे ठरते.

बहुतेक प्रवाशांना हिर्टावर उतरून ओसाड गाव पाहण्याची घाई असते. गाव पाहण्याजोगे आहेच, परंतु पक्षी पाहायचे असतील तर नौका ईशान्येकडे, बोरेरे बेटाखाली न्यावी. तिथे स्टॅक अन आर्मिन आणि स्टॅक ली हे अनुक्रमे 196 आणि 172 मीटर उंचीचे दोन खडक, सह्याद्रीतले सुळके समुद्रात रोवावेत तसे, थेट पाण्यातून वर आले आहेत. दुरून त्यांचे माथे पांढरे दिसतात. तो रंग गॅनेट पक्ष्यांचा आणि त्यांच्या विष्ठेचा असतो. 2013 च्या गणनेत या परिसरात गॅनेटच्या सुमारे 60 हजार जोड्या आढळल्या होत्या. जवळ जाताच आधी उग्र वास येतो आणि मग कलकलाट इतका वाढतो की शेजारच्याशीही ओरडून बोलावे लागते. मासा दिसला की गॅनेट पंख मागे घेऊन बाणासारखा पाण्यात घुसतो. चेहऱ्याच्या आणि छातीच्या त्वचेखालील हवेच्या पिशव्यांमुळे त्याला आघाताची इजा होत नाही, आणि नाकपुड्या बाहेरून बंद असल्याने पाणीही आत शिरत नाही.

या सुळक्यांवर हिर्टाची माणसे होडीतून उडी मारून चढत आणि गॅनेटची पिल्ले पकडून आणत, हे वरचे कडे पाहताना खरे वाटत नाही. मांस, अंडी, दिव्याचे तेल, खंडाच्या मोबदल्यात द्यायची पिसे, सारे काही पक्ष्यांपासूनच मिळे. अखेरीस, 29 ऑगस्ट 1930 रोजी उरलेले 36 रहिवासी स्वतःच्याच विनंतीवरून बेट सोडून गेले.

आज इथे येणाऱ्या नौकेला उंदरांची तपासणी करून यावे लागते आणि किनाऱ्यावर छोट्या होडीनेच उतरावे लागते. हा नियम जाचक वाटला तरी अत्यंत योग्य आहे. बेटांवर घुशीसारखे मोठे उंदीर (रॅट) पोहोचलेले नाहीत, म्हणूनच पफिन आणि लीचेस पेट्रेल हे पक्षी जमिनीतल्या बिळांमध्ये निर्धास्तपणे अंडी घालतात. पेट्रेल तर स्कुआसारख्या शिकारी पक्ष्यांच्या भीतीने अंधार पडल्यावरच बिळाकडे परततात. त्यामुळे त्यांचा आवाज ऐकायचा असेल, तर रात्रीचा मुक्काम हवा. पफिन मात्र ऑगस्टच्या सुरुवातीपासून समुद्राकडे निघून जातात. तेव्हा दोन्ही पाहायचे असतील, तर प्रवास जूनमध्येच आखावा.