१२० क्रेडिट्सची शाळा

(दृश्य : सकाळ. पिवळी बस. बाजूने उघडलेला लाल ‘स्टॉप’ फलक)

बस थांबली, लाल फलक बाहेर आला, की या रस्त्यावरच्या पुढच्या-मागच्या सगळ्या गाड्या जागच्या जागी उभ्या. कायदाच तसा आहे. बसचा हा पिवळा रंग १९३९ साली न्यू यॉर्कमध्ये, कोलंबिया विद्यापीठात भरलेल्या परिषदेत ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरं लवकर दिसतात म्हणून. अमेरिकेतल्या शाळांबद्दल देशभर एकसारखं सांगता येईल असं फार थोडं आहे, त्यातली ही बस. ती ज्या इमारतीसमोर थांबते, तिच्या आत काय शिकवायचं ते प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं.

आपण आहोत न्यू जर्सीत, एका सरकारी हायस्कूलमध्ये. नववी ते बारावी.

(दृश्य : घंटा. कॉरिडॉर. लॉकर उघडतात, बंद होतात)

तास संपला. आपल्याकडे अशा वेळी वर्ग जागेवर असतो आणि सर बदलतात. इथे शिक्षिका आपल्या खोलीतच थांबतात आणि मुलं निघतात. चार मिनिटांत पुढची खोली गाठायची. या मुलाच्या गणिताच्या वर्गात जे आहेत, ते इतिहासाला नाहीत. इतिहासातले अर्धे बँडला, म्हणजे वाद्यवृंदाच्या तासाला, नाहीत. ‘अ तुकडी, ब तुकडी’ हा प्रकारच नाही, कारण प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आहे. एकाच बाकावर बसणारी दोन मुलं पुढच्या तासाला एक केमिस्ट्रीत, दुसरं सुतारकामात.

हे जमतं कसं, ते या जाडजूड पुस्तिकेत आहे.

(दृश्य : विषयांची पुस्तिका, पानं उलटणारा हात)

न्यू जर्सीत डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, हवा असेल तर चार वर्षांत किमान १२० क्रेडिट्स. वर्षभर रोज एक तास चालणारा विषय म्हणजे साधारण ५ क्रेडिट्स. इंग्रजीचे २०, म्हणजे चारही वर्षं सुटका नाही. गणिताचे १५, विज्ञानाचे १५, सामाजिक शास्त्रांचे १५, त्यात अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं. आरोग्य आणि पीटी दरवर्षी. कलेचे ५, परकीय भाषेचे ५, व्यवसायाभिमुख विषयाचे ५. शिवाय अर्धं वर्ष पैशांचे व्यवहार : बँक, कर्ज, क्रेडिट कार्ड, टॅक्स. हा विषय आपल्याकडच्या दहावीला असता तर कितीतरी घरं हप्त्यांच्या फेऱ्यातून वाचली असती.

एवढं करूनही वीसेक क्रेडिट्स उरतात. ती सर्वस्वी मुलांची.

(दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल, फॉर्म, मुलगी आणि वडील)

फेब्रुवारी. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचेत. मुलगी नववीत, वडील पुण्यात शिकलेले.

“कॉम्प्युटर सायन्स घे की. सिरॅमिक्स घेऊन काय करणार?”

“बाबा, आर्टचे पाच लागतातच. मग आत्ताच उरकून टाकते ना.”

“आणि कॉम्प्युटर?”

“पुढच्या वर्षी. आधी जॉमेट्री होऊ दे.”

सोळा वर्षांच्या आत पोराला स्वतःचा हिशेब असा मांडता यावा, हेच मला या अभ्यासक्रमाचं सगळ्यात मोठं देणं वाटतं. दहावीच्या टक्क्यांवर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशी तीन दारं आणि एकात शिरलं की बाकीची दोन बंद, हे आपण इतकं पाहिलंय की त्याचं काही वाटेनासं झालंय. या मुलीला भौतिकशास्त्र आणि मातीची भांडी एकाच दिवशी चालतात. पुढे नुसतं भौतिकशास्त्र घ्यायचं की नुसती भांडी घडवायची, ते बघू म्हणायला तिच्याकडे तीन वर्षं आहेत.

(दृश्य : जुनी छायाचित्रं, उंच टोप्यांतले प्राध्यापक)

क्रेडिटची ही मोजदाद कुठून आली? ती आली प्राध्यापकांच्या पेन्शनमधून. १९०५ साली पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगीने कॉलेजच्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर्स दिले. पैसे कुणाला द्यायचे? कार्नेगी फाउंडेशनने अट घातली : खरं कॉलेज तेच, जे हायस्कूलचे किमान १४ ‘युनिट’ पूर्ण केल्याशिवाय विद्यार्थ्याला घेत नाही. एक युनिट म्हणजे एका विषयाचे साधारण १२० तास. (डिप्लोमाचा १२० आणि हा १२०, दोन आकडे सारखे निघाले हा निव्वळ योगायोग.) पेन्शन कुणाला नको? कॉलेजांनी अट मान्य केली, आणि कॉलेजांना मुलं पाठवायची म्हणून हायस्कुलंही त्याच मापाने विषय मोजू लागली. त्याआधी, १८९२ साली, हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या समितीने शाळांनी काय शिकवावं यावर खल केलाच होता. पण समितीच्या अहवालापेक्षा पेन्शनचा पैसा लवकर कामाला आला. शंभरहून अधिक वर्षं झाली, ते ‘कार्नेगी युनिट’ अजून वापरात आहे.

(दृश्य : संध्याकाळ, शाळेचं सभागृह, बोर्डाची बैठक)

अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेख नाही. १७९१ची दहावी दुरुस्ती सांगते की जे केंद्राला दिलेलं नाही ते राज्यांचं. राज्य मानकं आखतं : अमुक इयत्तेत मुलाला काय यायला हवं. पुस्तक कोणतं, धडे कोणते, ते बघतात स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारे स्थानिक विभाग. देशभरात असे सुमारे १३,००० आहेत आणि बरेचसे एकेका गावापुरते. बालभारतीसारखं एकच पुस्तक सगळ्या राज्यात, असं इथे चालत नाही. २०१० साली इंग्रजी आणि गणितासाठी ‘कॉमन कोअर’ नावाची समान मानकं आली. बहुतेक राज्यांनी ती घेतली. टेक्सास आणि व्हर्जिनियाने घेतली नाहीत, आणि घेतलेल्यांपैकी काहींनी पुढे नाव बदलून आपापली आवृत्ती काढली.

ही बैठक त्या डिस्ट्रिक्टच्या बोर्डाची. सदस्य गावाने निवडून दिलेले. माइकपाशी रांगेत पालक. प्रत्येकाला तीन मिनिटं, समोर घड्याळ. आठवीच्या गणितावरून एक बाई तावातावाने बोलतायत, बोर्ड ऐकतंय.

(दृश्य : वुड शॉप म्हणजे सुतारकामाचा वर्ग, करवतीचा आवाज)

आता ही खोली. आम्हाला इथून हलावंसं वाटेना.

सुरक्षिततेच्या लेखी परीक्षेत शंभरपैकी शंभर मिळाल्याशिवाय बँड सॉला, म्हणजे यंत्रावर चालणाऱ्या करवतीला, हात लावता येत नाही. नव्व्याण्णव मिळाले तर पुन्हा परीक्षा. मेपल आणि अक्रोडाच्या लाकडाच्या पट्ट्या एकीआड एक लावायच्या, डिंक लावून क्लॅम्पमध्ये आवळायच्या, रात्रभर ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी जादा डिंक खरवडायचा, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२० (नंबर लहान तितका कागद खरखरीत). या मुलाने थेट २२० घेतला. सर काही बोलले नाहीत, फक्त त्याचा अंगठा पकडून लाकडावरून फिरवला. मुलगा मुकाट्याने ८० नंबर आणायला गेला. भाजी चिरायची फळी आहे ही, पण मापं इंचाच्या सोळाव्या भागात, म्हणजे अपूर्णांक हातात. आणि हे पाच क्रेडिट्स डिप्लोमात धरले जातात, बीजगणिताच्या पाच क्रेडिट्सइतकेच.

(दृश्य : शाळेमागची बाग, पाणी मोजणारी मुलं)

२०२० साली न्यू जर्सीने हवामानबदल एका विषयापुरता न ठेवता अनेक विषयांत घातला. असं करणारं हे देशातलं पहिलं राज्य. २०२२च्या सप्टेंबरपासून ते वर्गात आलं.

(दृश्य : वर्ग. एका मुलाशेजारी बसलेल्या मदतनीस शिक्षिका)

१९७५च्या केंद्रीय कायद्यामुळे अपंग मुलासाठी स्वतंत्र लेखी शिक्षणयोजना करावीच लागते. पालक त्या बैठकीत बसतात.

ज्यांना जास्त झेपतं, त्यांच्यासाठी एपी (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) : कॉलेजच्या पातळीचे विषय, मे महिन्यात परीक्षा, १ ते ५ गुण. चांगले गुण पडले तर बरीच कॉलेजं क्रेडिट देतात आणि फीचा तेवढा भार हलका होतो. बोर्डाच्या परीक्षेसारखा एकच निर्णायक दिवस मात्र नाही. इंग्रजी-गणिताची राज्य परीक्षा असते, पण प्रवेशाच्या याद्या तिच्यावर लागत नाहीत. चार वर्षांच्या श्रेण्या मोजल्या जातात.

शाळांचा बराचसा पैसा स्थानिक मालमत्ता करातून येतो, त्यामुळे श्रीमंत गावाची पुस्तिका जाड आणि गरीब गावाची बारीक. १९९० साली याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब शहरी डिस्ट्रिक्टना श्रीमंतांइतका निधी देण्याचा आदेश दिला. आणि निकाल? देशोदेशीच्या शाळकरी मुलांची तुलना करणाऱ्या ‘पिसा’ चाचणीत २०२२ साली गणितात अमेरिकेची सरासरी ४६५, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाची ४७२.

(दृश्य : ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांचं गुणपत्रक, एकच पान)

चार वर्षं या एका पानावर येतात. कॉलेज नुसता सरासरी आकडा बघत नाही. शाळेत कोणते अवघड विषय होते आणि मुलाने त्यातले किती घेतले, हेही बघतं.

आपल्या लोकांसाठी एक सूचना. पुढचं शिक्षण भारतात घ्यायचं असेल तर या डिप्लोमाला समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे तो आपल्या बारावीच्या बरोबरीचा असल्याचा दाखला, लागतं. मेडिकल किंवा इंजिनिअरिंगकडे वळायचं तर फिजिक्स-केमिस्ट्री बारावीच्या तोडीची झालेली हवी. तेव्हा परतण्याचा विचार असेल तर कौन्सेलरला, म्हणजे शाळेतल्या मार्गदर्शकाला, नववीतच सांगा. सप्टेंबरच्या सुरुवातीला विषय बदलता येतात, ती मुदत टळली की तो विषय पुढच्या वर्षीवर जातो.